पॉयरो थकला, की ख्रिस्तीबाई थकल्या?

रहस्यकथा वाचणाऱ्या बायकांचा आपापसात एक अलिखित करार असतो. पुस्तक जिनं आधी वाचलं असेल तिनं खुनी कोण ते सांगायचं नाही. बाकी काय हवं ते बोलावं. आगाऊ सांगणारी असली की तिच्याकडून पुस्तक घेणंच बंद होतं! ॲगाथा ख्रिस्तीच्या हर्क्युल पॉयरोबद्दल असं बोलणं निघालं, तर बहुतेक पुस्तकांविषयी फारसा वाद होत नाही. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' आवडलं नाही असं म्हणणारी अजून भेटायची आहे. पण १९७२ साली आलेल्या 'एलिफंट्स कॅन रिमेंबर'चं नाव काढा, की सरळ दोन तट पडतात. एक म्हणते, "अर्धं वाचून परत केलं, नुसती बडबड." दुसरी म्हणते, "मला तर ते सगळ्यात जवळचं वाटलं." आणि गंमत अशी की दोघींनाही तीच पानं आठवत असतात.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. पुस्तक निघालं तेव्हापासून तो इंग्लंड-अमेरिकेतही चालू आहे आणि पन्नास वर्षं उलटून गेली तरी मिटलेला नाही. मला तो भांडण्यासारखा वाटतो, कारण त्याच्या तळाशी निव्वळ रहस्यकथा नाही, आणखीही काही आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पॉयरो पहिल्यांदा वाचकांसमोर आला तो १९२० साली, 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स'मध्ये. तेव्हाच तो बेल्जियमच्या पोलिस खात्यातून निवृत्त झालेला होता. म्हणजे १९७२ पर्यंत त्याचं वय हिशेबानं शंभरीपार जायला हवं! आपण त्याला इतका म्हातारा सुरुवातीलाच करून ठेवला ही चूक झाली, असं ख्रिस्तीबाईंनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणानं म्हटलेलं आहे. पॉयरोच्या एकंदर ३३ कादंबऱ्या. त्यांतली 'एलिफंट्स' ही छापण्याच्या क्रमानं शेवटची नव्हे, पण लिहिण्याच्या क्रमानं शेवटची. ती बाहेर पडली तेव्हा ख्रिस्तीबाईंना ८२ वं वर्ष लागून गेलं होतं. आदल्याच वर्षी 'डेम' हा किताब मिळाला होता, आणि त्याच वर्षी पडून खुब्याचं हाडही मोडलं होतं.

आता गोष्ट. तिची सुरुवात कुठल्या प्रेतानं होत नाही, आरशासमोर होते. मिसेस एरिॲडनी ऑलिव्हर ही रहस्यकथा लिहिणारी प्रौढ बाई लेखकांच्या एका मेजवानीला निघालेली आहे आणि चार टोप्यांपैकी कुठली घालावी या विवंचनेत आहे. (पैठणी नेसावी की साधी सिल्कची, ह्या प्रश्नावर ज्यांची गाडी चुकलेली आहे त्यांना हे पान फार पटेल.) मेजवानीत एक अनोळखी बाई, मिसेस बर्टन-कॉक्स, तिला गाठते. तुमची मानसकन्या सिलिया रेव्हन्सक्रॉफ्ट माझ्या मुलाशी लग्न करणार आहे, तर मला एवढंच सांगा, तिच्या आईनं तिच्या बापाला मारलं की बापानं आईला?

घासच अडकावा असा प्रश्न! सिलियाचे आईवडील कित्येक वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या कड्यावर गोळ्या लागून मेलेले सापडले होते. पिस्तूल दोघांच्या मध्ये पडलेलं, त्यावर ठसे दोघांचेही. पोलिसांनी दोघांनी मिळून जीव दिला असं ठरवून प्रकरण बंद केलं. कारण मात्र कुणालाच कळलं नाही. संसार सुखाचा, पैशाची ददात नाही, दुखणं नाही.

इंग्लंडातली गोष्ट असली तरी आपल्याला ही बाई ओळखीची वाटते की नाही? मुलाचं लग्न ठरतंय म्हटल्यावर मुलीच्या घराण्याची चौकशी करायची. घरात कुणाला वेड होतं का, कुणी जीव दिला होता का, ते तिऱ्हाइताकडून हळूच काढून घ्यायचं. स्थळ बघायला गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी जणींनी हेच केलेलं आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे हा प्रश्न ताटावर इतक्या उघडपणे कुणी विचारणार नाही. ह्या बाईचा खरा हेतू घराण्याच्या काळजीपेक्षा वेगळाच असतो, तो पुस्तकात पुढे उलगडतो.

मिसेस ऑलिव्हर आपल्या जुन्या मित्राकडे, पॉयरोकडे धाव घेते. दोघं ठरवतात, त्या काळी या कुटुंबाला ओळखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना शोधून काढायचं. हत्ती विसरत नाही म्हणतात ना, तर आपण हत्ती शोधू या. इथे ती पॉयरोला एका हिंदुस्थानी शिंप्याची गोष्ट सांगते. शिंप्यानं हत्तीला सुई टोचली आणि हत्तीनं ती आठवण ठेवून पुढच्या खेपेला त्याच्या अंगावर पाणी उडवलं. आपण शाळेत वाचलेली हत्ती आणि शिंप्याची गोष्ट ती हीच! पुस्तकाचं नाव त्यावरूनच आलं.

मग सुरू होतो पत्त्यांच्या वहीचा शोध. ह्या प्रसंगावर तर मी खूश आहे. मिसेस ऑलिव्हरला चालू वही नको, त्याच्या आधीची हवी, आणि त्याच्याही आधीची. आताच्या सेक्रेटरीला ती सापडत नाही. कुठली वस्तू कुठे ठेवली जाते हे आधीच्या सेक्रेटरीला बरोबर ठाऊक असे. शेवटी वही भलत्याच जुन्या पुस्तकाच्या आसपास सापडते. ज्या घरात टेलिफोनची डायरी, विजेचं बिल आणि डाळींच्या भावाचा कागद एकाच टोपलीत असतो, त्या घरातल्या बाईला यात काही खोटं वाटणार नाही. ख्रिस्तीबाई स्वतः तशाच होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर ७३ वह्या मिळाल्या. जॉन करन या अभ्यासकानं त्या बारकाईनं वाचून २००९ साली त्यांवर पुस्तक काढलं. त्यांत खुनाचे बेत आणि घरातल्या याद्या एकाच वहीत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. मिसेस ऑलिव्हर म्हणजे ख्रिस्तीबाईंनी स्वतःचीच केलेली थट्टा आहे, हे बहुतेक सर्व वाचक मानतात. तिनंही एक परदेशी गुप्तहेर, फिनलंडचा, जन्माला घातलेला आहे आणि ती त्याला अगदी कंटाळलेली आहे!

इतकं सगळं गोड असताना तक्रार कशाची? तक्रारी पुष्कळ आहेत आणि खोट्या नाहीत.

पहिली म्हणजे काही घडतच नाही. नवा खून नाही, पाठलाग नाही, धोका नाही. मिसेस ऑलिव्हर एकीकडे जाते, चहा घेते, गप्पा मारते. दुसरीकडे जाते, पुन्हा तेच. मग येऊन ते सगळं पॉयरोला सांगते, म्हणजे आपण आत्ताच वाचलेलं पुन्हा वाचायचं. दुसरी तक्रार अशी की सराईत वाचकाला उत्तर फार लवकर कळतं. मेलेल्या बाईकडे चार विग होते हे ऐकल्यावर जिनं ख्रिस्तीबाईंची दहा पुस्तकं वाचली आहेत तिच्या डोक्यात दिवा लागतो आणि मग पुढची शंभर पानं पॉयरोच्या डोक्यात तो कधी लागतो याची वाट बघत बसावं लागतं.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर. साल जुळत नाही! रहस्यकथेत सगळं चालेल, पण हिशेब चुकून चालत नाही. रॉबर्ट बर्नार्ड हे स्वतः रहस्यकथा लिहिणारे गृहस्थ. त्यांनी १९८० साली ख्रिस्तीबाईंच्या लेखनावर 'अ टॅलेंट टू डिसीव्ह' नावाचं पुस्तक लिहिलं, तेही प्रेमानं. पण 'एलिफंट्स'पाशी आल्यावर त्यांनी कान उपटले आहेत. कड्यावरची घटना एका ठिकाणी दहा-बारा वर्षांपूर्वीची, दुसरीकडे पंधरा, तिसरीकडे वीस. नवराबायकोच्या वयात एके ठिकाणी पंचवीस वर्षांचं अंतर, आणि दुसरीकडे त्यांच्या तरुणपणची अशी हकीगत, की ती या अंतराशी मुळीच जुळू नये. पात्रांना काही नीट आठवत नाही हे ठीक, पण लेखिकेलाही आठवत नाही, असा त्यांचा बोचरा सूर आहे.

उलट बाजूही निघाली त्या दिवसापासूनच आहे. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये मॉरिस रिचर्डसन यांनी १९७२ च्या नोव्हेंबरात या पुस्तकाचं कौतुकच केलं होतं; गोष्ट संथ असली तरी रस टिकतो आणि उकल चतुर आहे, असं त्यांचं मत. आणि ज्या वाचकांना हे पुस्तक आवडतं त्यांची कारणं ऐकण्यासारखी आहेत.

मिसेस ऑलिव्हर आणि पॉयरो ज्यांना भेटतात ते 'हत्ती' कोण आहेत ते बघा. मुलांना वाढवलेली म्हातारी आया मिसेस मॅचम. घरकाम करणारी मिसेस बकल. केस आणि विग यांचं दुकान चालवणारी एक मादाम. जुनी ओळखीची एक बाई. शिवाय पूर्वी मुलांना शिकवणाऱ्या दोन फ्रेंच शिक्षिका. म्हणजे घरात ज्यांचा वावर असतो, पण ज्यांना जबानी द्यायला कुणी बोलावत नाही, अशा बायका. पोलिसांनी कड्यावरचे ठसे घेतले, पण कपाटातले विग मोजले ते या बायकांनी. कुत्रा कुणाशी कसा वागत होता, बाई कधी घरी नव्हती, कुणाला दवाखान्यात ठेवलं होतं, ही सगळी माहिती त्यांच्याकडे आहे. मात्र ती अर्धवट, एका घरची गोष्ट दुसऱ्या घरच्या नावावर अशी सरमिसळ झालेली. आपल्या आजी-मावश्या बसल्या की नाही का, "ती नाही का गं, तिच्या जावेची बहीण," करता करता तिघींच्या कहाण्या एक होतात, तसंच. ज्या वाचकाला अशा गप्पांत रमता येतं तिला पुस्तक संथ वाटत नाही. ज्याला नुसता खुनी हवा आहे तो जांभया देणार.

आणि पॉयरो-ऑलिव्हर यांची मैत्री! १९३६ सालच्या 'कार्ड्स ऑन द टेबल'पासून ही जोडी वाचकांना ठाऊक. आता दोघं वयानं वाढलेली. ती गोंधळलेली, तो नीटनेटका. एकमेकांना सांभाळून घेत, एकमेकांची थोडी टर उडवत चाललेली. पुरुष आणि बाई यांची अशी निर्मळ, म्हातारपणची मैत्री रहस्यकथेत फार थोड्या ठिकाणी आढळते. शेवटही कुणाला फासावर चढवणारा नाही. त्यात प्रेमाची एक फार दुःखी गोष्ट आहे, ती मी सांगत नाही.

मला विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण पारडं कुठे झुकतं हे बघायचं असेल तर ख्रिस्तीबाईंचंच एक जुनं पुस्तक शेजारी ठेवावं. 'फाइव्ह लिटल पिग्ज' हे १९४२ सालचं. विषय जवळजवळ तोच. लग्न ठरलेली मुलगी पॉयरोकडे येते. सोळा वर्षांपूर्वी तिच्या चित्रकार बापाला विष दिल्याबद्दल आईला शिक्षा झाली, आई तुरुंगात वारली; पण आपण निर्दोष आहोत असं पत्र तिनं लेकीसाठी ठेवलं. पॉयरो त्या वेळी घरात असलेल्या पाच माणसांना भेटतो आणि प्रत्येकाकडून हकीगत लिहून घेतो. तोच दिवस, तीच बाग, तोच बिअरचा पेला, पण पाच हकीगती पाच स्वभावांच्या. एकाच्या लेखणीतलं वाक्य दुसऱ्याचं म्हणून खपणार नाही. सोळा म्हणजे सोळाच वर्षं, कुठे पंधरा नाही की सतरा नाही. हे वाचून लगेच 'एलिफंट्स' हाती घेतलं की मनात चर्र होतं. विणकाम तेच आहे, नमुना तोच आहे, पण टाके सुटलेले आहेत. सगळ्या म्हाताऱ्या जवळजवळ एकाच आवाजात बोलतात.

हे टाके का सुटले? नुसतं "वय झालं" म्हणून सोडून देता आलं असतं. पण कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी ते सोडलं नाही. इंग्रजी शिकवणारे इयन लँकशायर आणि संगणकशास्त्राचे ग्रॅम हर्स्ट यांनी ख्रिस्तीबाईंच्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतच्या निवडक कादंबऱ्या घेतल्या, प्रत्येकीतून सारख्या लांबीचा मजकूर संगणकाला दिला आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. त्यांनी तीन गोष्टी मोजल्या. लेखिकेनं किती वेगवेगळे शब्द वापरले. तेच ते शब्दसमूह किती वेळा आले. आणि 'काहीतरी', 'वस्तू', 'कुठलंतरी' अशा अर्थाचे मोघम शब्द किती. वय वाढत गेलं तसे वेगवेगळे शब्द कमी होत गेले, पुनरुक्ती आणि मोघमपणा वाढत गेला. सर्वांत ठळक उतार दिसला तो 'एलिफंट्स'मध्ये. १९५४ सालच्या 'डेस्टिनेशन अननोन'च्या मानानं शब्दसंपत्ती सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली! हे स्मृतिभ्रंशाचं, कदाचित अल्झायमरचं लक्षण असावं, असा त्यांचा तर्क.

म्हणजे बघा हं, अर्धं पुस्तक वाचून परत करणाऱ्या बाईनं "बडबड आहे, तेच तेच आहे" म्हटलं होतं, तेच संगणकानं आकड्यांत सांगितलं. वाचकांचा कान इतका पक्का असतो.

तर्क तो तर्कच, हेही सांगायला हवं. ख्रिस्तीबाईंना हा आजार आहे असं निदान त्यांच्या हयातीत जाहीर झालेलं नव्हतं. शिवाय उतारवयात त्या बरंचसं लेखन डिक्टाफोनवर तोंडी सांगत. बोलताना माणूस घोळ घालतो, "हां तर", "म्हणजे काय" असं म्हणत पुढे जातो, गेल्या पानावर काय म्हटलं ते उलटून बघत नाही. थोडा दोष त्या यंत्राचाही असणार. पण पुढे २०११ साली त्याच विद्यापीठातून आणखी मोठी तपासणी झाली, तीत ख्रिस्तीबाईंच्या जोडीला आणखी दोन इंग्रज लेखिका घेतल्या होत्या. एक आयरिस मर्डॉक, ज्यांना अल्झायमर झाल्याचं नक्की ठाऊक आहे, दुसऱ्या पी. डी. जेम्स, ज्या अखेरपर्यंत तल्लख होत्या. मर्डॉकबाईंच्या भाषेत उतार दिसला, जेम्सबाईंच्या भाषेत तसा दिसला नाही. जेम्सबाईंनी तर 'डेथ कम्स टू पेम्बर्ली' वयाच्या नव्वदीनंतर, २०११ साली प्रसिद्ध केली. तेव्हा नुसत्या वयाला बोल लावून भागत नाही.

इथे मला त्या काळच्या प्रकाशकांविषयी आणि संपादकांविषयी बोलायचं आहे. नाताळ आला की नवी ख्रिस्ती बाजारात यायचीच, अशी त्यांच्या लंडनच्या प्रकाशकांची वर्षानुवर्षांची जाहिरात होती. वाचकही वाट बघत. पुस्तक कसंही असो, नावावर खपणार याची खात्री. ठीक आहे, धंदा आहे. पण दहा, पंधरा आणि वीस वर्षांचा मेळ बसवायला कितीसा वेळ लागला असता? एक पेन्सिल आणि एक दुपार. त्या हयातभर इतक्या नेटकं लिहिणाऱ्या बाईची लाज राखायची होती. बहुधा कुणाची छाती झाली नसावी, किंवा कुणाला गरजच वाटली नसावी. भक्तिभावानं हात न लावणं आणि निष्काळजीपणानं हात न लावणं, दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात.

ही अडचण आपल्या घरातलीही आहे, म्हणूनच हे पुस्तक मला टोचतं. दिवाळीची चकली सासूबाईंच्या हातची, हे सगळ्या आळीत ठरलेलं. एका वर्षी भाजणीत धणे पडतच नाहीत. पुढच्या वर्षी मोहन दोनदा. चकली तुटते, तेल पिते. आता काय करायचं? सून म्हणून आपण काय करतो? काहीजणी गुपचूप रात्री दुसरी भाजणी दळून आणतात आणि डबा बदलतात. काहीजणी "आई, आता तुम्ही बसा" म्हणून झारा हातातून काढून घेतात, आणि मग त्या दिवसभर खिडकीशी बसून राहतात. काहीजणी शेजारी उभ्या राहून नुसतं म्हणतात, "आई, मोहन घातलंत ना मघाशी?" तिसरीचं काम सर्वांत अवघड, कारण तिला रोज तिथे उभं राहावं लागतं. ख्रिस्तीबाईंना १९७२ साली ही तिसरी मिळाली नाही, असं त्या पुस्तकाकडे बघून वाटतं. पुढच्या वर्षी 'पोस्टर्न ऑफ फेट' आलं, ते त्यांनी लिहिलेलं अगदी शेवटचं. त्याच्या वेळी यजमानांना आणि सेक्रेटरीला मजकूर बराच सावरावा लागला, तरी ते 'एलिफंट्स'पेक्षाही विस्कळीत आहे.

आता कुणी घाबरून जाऊ नये. चष्मा कुठे ठेवला, शेजारणीच्या धाकट्याचं नाव काय, हे विसरणं म्हणजे आजार नव्हे. पण घरातलं वडीलधारं माणूस नेहमीच्या वस्तूंची नावं विसरून सारखं "ते हे" म्हणू लागलं, तासाभरात तोच प्रश्न चार वेळा विचारू लागलं, जन्मभर केलेला पदार्थ किंवा हिशेब चुकू लागला, तर "म्हातारचळ" म्हणून हसण्यावारी नेण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावं. कधी थायरॉइड, कधी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कधी एखादं औषधच मुळाशी असतं, आणि ते उपायानं सुधारतं.

पुन्हा पॉयरोकडे वळते, कारण त्याची गोष्ट १९७२ ला संपली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लंडनवर बॉम्ब पडत असताना ख्रिस्तीबाईंनी पॉयरोची अखेरची कादंबरी लिहून कुलपात ठेवली होती. आपलं काही बरंवाईट झालं तर मागे राहील म्हणून ती मुलीच्या, रोझलिंडच्या नावे केली होती. (किती व्यवहारी बाई! दागिन्यांऐवजी खून लेकीच्या नावे!) नवं लिहिणं आता शक्य नाही हे स्पष्ट झाल्यावर १९७५ साली ती 'कर्टन' या नावानं बाहेर काढली. तीत पॉयरो मरतो. त्याची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ६ ऑगस्ट १९७५ ला पहिल्या पानावर, खऱ्या माणसाची द्यावी तशी दिली. 'एलिफंट्स' वाचून निराश झालेले वाचक 'कर्टन' वाचून थक्क झाले. बाईंची धार परत आली, असं काहींना वाटलं. धार परत आलेली नव्हती. ती तीस वर्षं कुलपात होती. १२ जानेवारी १९७६ ला ख्रिस्तीबाई गेल्या.

या पुस्तकाची डागडुजी शेवटी दूरदर्शनवाल्यांनी केली. डेव्हिड सुशे यांच्या गाजलेल्या इंग्रजी मालिकेत २०१३ साली 'एलिफंट्स'चा भाग आला, झोई वानामेकर मिसेस ऑलिव्हर झाल्या आहेत. काहीच घडत नाही ही तक्रार त्यांनी मनावर घेतली आणि एक नवाकोरा खून घातला. पॉयरो त्या खुनाच्या मागे, म्हणून मिसेस ऑलिव्हर एकटीच हत्ती शोधत हिंडते. वाचकांचे पुन्हा दोन तट! बरं झालं, निदान हालचाल आली, असं एक गट म्हणतो. दुसऱ्याचं म्हणणं, आम्हाला चहाच हवा होता, रक्त कुणी मागितलं होतं? मी या दुसऱ्या गटात. सुशे यांच्या डोळ्यांतली माया बघायला मात्र तो भाग जरूर पाहावा.

ख्रिस्तीबाईंच्या बऱ्याच कादंबऱ्या नट आणि नाटककार मधुकर तोरडमल यांनी मराठीत आणलेल्या आहेत, त्यामुळे इंग्रजी वाचायचा कंटाळा असणाऱ्यांचीही सोय झालेली आहे. ज्यांनी पॉयरो मुळीच वाचलेला नाही त्यांनी 'एलिफंट्स'पासून कृपा करून सुरुवात करू नये. नाहीतर इतकी वर्षं लोक कशाला वेडे झाले हे कळायचं नाही. आधी 'ओरिएंट एक्स्प्रेस', मग 'फाइव्ह लिटल पिग्ज'. मिसेस ऑलिव्हरची ओळख व्हावी म्हणून 'कार्ड्स ऑन द टेबल' आणि १९५२ चं 'मिसेस मॅगिंटीज डेड'. त्यानंतर पाऊस लागलेला असताना, घरातली मंडळी बाहेर गेलेली असताना 'एलिफंट्स' घ्यावं आणि सालांचा हिशेब करत बसू नये. 'कर्टन' अगदी शेवटी. 'पोस्टर्न ऑफ फेट' नाही वाचलं तरी चालेल.